गावपळणीतली सुनावणी

"भागो, आसंस काय रे?"

तात्या गावकरांचा आवाज आमच्या खोपीबाहेरून आला तेव्हा बाबा चुलीपुढे बसून चहात गूळ विरघळवत होते. आवाज ओळखूनही ते उठले नाहीत. मीच बाहेर डोकावले. तात्या उभे होते आणि त्यांच्यामागे गावातले तिघे मानकरी. माझ्या बावीस वर्षांच्या आयुष्यात हा माणूस आमच्या दारापर्यंत आलेला मी एकदाच पाहिला होता, आणि ती आठवण चांगली नव्हती.

गावपळणीची दुसरी सकाळ होती. आमच्याकडे दर चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. दारं उघडी टाकायची, चूल विझवायची, मागे वळून बघायचं नाही. त्या तीन दिवसांत कोणी आत पाऊल टाकलं तर गावावर अरिष्ट येतं, असं मानतात. आमची वेस म्हणजे व्हाळ, गुडघाभर पाण्याचा ओढा. त्याच्या पलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात. गावकरांच्या, म्हणजे मानाच्या घरांच्या, खोपी वरच्या अंगाला, वेशीवरच्या देवाच्या पाषाणाजवळ, आंब्याच्या सावलीत. आम्हा बौद्धवाडीच्या खोपी सर्वांत खाली, जिथे वरच्यांची गुरं धुऊन झालेलं पाणी येतं.

माझ्या आजोबांच्या वेळेलाच आमच्या वाडीनं देव सोडले होते. तरी पळणीला आम्ही बाहेर पडत होतो, देवाला घाबरून नव्हे, शेजाऱ्यांना घाबरून.

"काय काम काढलास, तात्यानू?" बाबांनी आतूनच विचारलं.

"गाडये गेले ते बघलंस मां?"

ते तर सगळ्यांनीच बघितलं होतं. सकाळी उन्हं आली तशा तीन जीपगाड्या आणि खुर्च्यांनी भरलेला एक टेम्पो व्हाळाच्या साकवाजवळून उतरून आमच्या रिकाम्या गावात शिरला होता. बायका काठावर उभ्या राहून तोंडावर हात धरून बघत होत्या. गाड्या कसल्या, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

गावावरच्या सड्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारात, बॉक्साइट निघालं होतं. सरकारनं सडा एका कंपनीला खाणीसाठी द्यायचं ठरवलं होतं आणि सड्याच्या मुंबईला राहणाऱ्या मालकांनी सह्या करून टाकल्या होत्या. कायद्याप्रमाणे खणण्याआधी एकदा लोकांना विचारावं लागतं. विचारावंच लागतं फक्त, ऐकायची सक्ती नाही. त्या विचारण्याला जनसुनावणी म्हणतात. ती आमच्या शाळेत व्हायची होती आणि तिची तारीख नेमकी पळणीच्या दुसऱ्या दिवशी पडली होती.

तारीख बदलून घ्यायला तात्या अर्ज घेऊन तालुक्याला गेले होते. तिथला कारकून म्हणाला, "बघतो." सरकारी 'बघतो'चा अर्थ आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. पण तात्यांचा शब्द गावात कधी खाली पडलेला नव्हता. त्यामुळे 'बघतो' म्हणजे 'झालं', असं समजून ते परत आले आणि सुनावणी पुढे गेली म्हणून गावाला सांगून मोकळे झाले.

"आज सुनावणी होता," तात्या म्हणाले. "कोण गेलो नाय तर कोणाची हरकत नाय म्हणान लिवतले आणि जातले. सडो गेलो की झरी गेली. मगे बागा आणि पिवचा पाणी, सगळाच गेला."

"मगे जावा."

"खुळो काय तू? पळणीत आमी आत कसे जातलंव?" तात्यांनी खाली बघितलं. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं, पण ते बोलले. "तुमका देवाची पळण नाय. तुमच्यापैकी कोण गेला तरी चलात. ह्या तुजा चेडू शिकलला आसा. तेका धाड." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

बाबा बाहेर आले. हातात चहाचा टोप तसाच होता.

"चलात?" ते म्हणाले. "आता चलात? यशूच्या आवशीक तेवा कसा चलाक नाय?"

मानकऱ्यांतला एक जण उगाच खोकला.

मी दहा वर्षांची होते तेव्हाची पळण. आईला ताप होता, छातीत कफ भरलेला. बाबांनी हात जोडून सांगितलं होतं, हिला घरातच राहू द्या, मी चूल पेटवणार नाही, दिवा लावणार नाही. तेव्हा हेच तात्या आमच्या घराच्या दारात येऊन उभे राहिले होते आणि म्हणाले होते, देवाची पळण कोणासाठी मोडत नाय. आईला गोधडीत गुंडाळून व्हाळ ओलांडून आणलं. मार्गशीर्षातली थंडी, उघडा माळ, खाली ओली वाळू. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. गाव म्हणालं, तिचं आयुष्य तेवढंच.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला लाज कशाला? मला वाटलं, जाऊ दे तुमचा सडा. जाऊ दे तुमची झरी. माडांची खोडं उभी सुकू देत. मग बघू कोणाचं आयुष्य किती ते.

पण झरी तर आमचीही होती. गावाचं भरून झालं की उरलेलं पाणी पाटानं आमच्या वाडीत यायचं. उरलेलंच यायचं, पण त्याच्यावर आमच्या तीस घरांची तहान भागत होती. वरच्यांनी विहिरी खोल मारल्या असत्या, टँकर मागवले असते, नाहीच जमलं तर मुंबईला मुलांकडे गेले असते. आम्ही कुठे जाणार होतो?

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि टोप खाली ठेवला. "जातंस तर जा. तेंच्यासाठी जाव नको. पाण्यासाठी जा."

मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले.

रिकाम्या गावातून एकटीनं जाणं सोपं नव्हतं. मी देव मानत नाही. तरीही उघडी दारं, थंड चुली आणि कुठेच धूर नाही, असं बघून अंगावर काटा आला. कोणाच्या तरी दांडीवर एक परकर विसरला होता, तो वाऱ्यानं हलला तर मी दचकले. त्यातून शाळेच्या बाजूनं कर्ण्यावर "हॅलो, हॅलो, चेक" असं ऐकू यायला लागलं आणि मला एकदम धीर आला. इतका बेसूर आवाज काढणारी तरी माणसंच असणार.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. टेबलावर पांढरी चादर आणि पाण्याच्या बाटल्या. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. टेबलाशी उपजिल्हाधिकारी बसले होते, शेजारी कंपनीचा टाय बांधलेला माणूस. दोन पोलीस, एक फोटोवाला. त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर तो टायवाला माइकवरून खाणीनं होणाऱ्या विकासाचं वर्णन करत होता. मी येऊन पहिल्या रांगेत बसले तेव्हा तो थांबला, मग नव्यानं सुरू झाला.

त्याचं संपल्यावर साहेबांनी विचारलं, "नाव?"

"यशोधरा भागुराम कासले."

"कोणाच्या वतीनं बोलणार?"

"गावाच्या."

टायवाला साहेबांच्या कानाशी झुकला, पण माइक चालूच होता. "सर, यांची वाडी वेगळी आहे. सड्यावर यांची एक गुंठाही जमीन नाही."

"झरीचं पाणी सातबारा बघून वाहत नाही," मी म्हणाले. फोटोवाला हसला आणि साहेबांनी बघितल्यावर गप्प झाला.

जे बोलायचं ते बोलले. सडा पावसाचं पाणी पोटात धरतो, तो फोडलात तर झरी आटेल, झरी आटली की खालचं सगळं संपेल. नवीन काही नव्हतं त्यात, आमच्याकडे कोणीही सांगेल. साहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"तुमची हरकत नोंदवतो," ते म्हणाले. "एक व्यक्ती, वैयक्तिक हरकत."

"साहेब, वैयक्तिक नाही. सगळं गाव व्हाळापलीकडे बसलंय. आज गावपळण आहे. तुम्ही वेशीपर्यंत चला, माइक तिथं न्या. चालत पाच मिनिटं नाहीत."

"सुनावणीची जागा आधी जाहीर झालेली असते बाई. मला ती बदलता येत नाही."

"मग तारीख बदला."

"तेही माझ्या हातात नाही. आणि एक सांगतो, किती लोक यावेत याची अट नसते. एकही आला नाही तरी सुनावणी झाली असंच धरतात." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "गावाला यायला अडवलंय कोणी?"

"देवानं."

"मग देवाला म्हणावं, लेखी कळवा."

टायवाला मोठ्यानं हसला. साहेबांना स्वतःलाच ते बोलणं आवडलं नसावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी जेवून निघणार. जेवण होईपर्यंत सुनावणी बंद झाली असं लिहीत नाही. त्याच्यापलीकडे मी काही करू शकत नाही."

टेम्पोतून जेवणाचे डबे उतरत होते. तळलेल्या बांगड्यांचा वास आला. साहेब घाटावरचे दिसत होते, काटे काढत जेवायला त्यांना वेळ लागेल, एवढाच काय तो आधार धरून मी पळत सुटले.

व्हाळाच्या काठावर सगळं गाव येऊन उभं होतं. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी राहूनच मी सगळं सांगितलं. "मी एकटी गेले तर एकटीचंच धरतात. गाव दिसायला पाहिजे. आत्ता. त्यांचं जेवण व्हायच्या आत."

बायकांत कुजबुज सुरू झाली. पुरुष तात्यांकडे बघायला लागले. तात्या पाषाणाकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते सोंग करत नव्हते, हे मला आजही मान्य आहे. तो माणूस खरोखर घाबरला होता.

"नाय," ते म्हणाले. "पळण मोडूची नाय. उद्या पोरांबाळांका काय झाला तर कोण जबाबदार?"

"आणि पाणी गेलं तर कोण जबाबदार?"

"यशू, तू गप. तुका कळाचा नाय ता."

"मग देवाला विचारा!" मी ओरडले. मला देवाशी काही देणंघेणं नव्हतं. रागानं तोंडातून निघून गेलं. "पाषाण इथंच आहे, गुरव इथंच आहेत. बाहेर जायचं का ते देवाला विचारता, परत यायचं का ते विचारता. मग हे का नाही विचारत?"

"मदीच कौल लावूची रीत नाय."

तेव्हा सखाराम गुरव पुढे आले. सत्तरीच्या पलीकडचा माणूस, नजर मंदावलेली, बोलणं कमी. "रीत नाय म्हणजे काय, तात्या?" ते म्हणाले. "माज्या बापाशीन माका असा कायएक सांगूक नाय. मदी कोणी इचारूकच नाय कधी, इतक्याच."

तात्यांनी एकदा गावाकडे बघितलं, एकदा बायकांकडे. मग मान हलवली.

गुरवांनी आंघोळ करून ओल्या पंच्यानं पाषाण पुसला. तांदळाचे दाणे पाण्यात भिजवून पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवले, उजवीकडे आणि डावीकडे. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. गाऱ्हाणं तात्यांनी घालायचं होतं. त्यांनी हात जोडले, पण पाषाणापासून दोन पावलं मागे सरले. शेवटी गुरवांनीच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरा संकटात पडली आसत. तुज्याच सड्याच्या पाण्यासाठी तुजी पळण मदी मोडून आत जावची येळ इली हा. ह्या तुका मान्य आसात तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एरवी हे 'व्हय म्हाराजा' मानाचे पुरुष म्हणतात. त्या दिवशी बायकाही म्हणाल्या. आमच्या वाडीतलं कोणी म्हणालं नाही. आम्ही खालच्या अंगाला उभे होतो, पण बघत आम्हीही होतो. मी सुद्धा. शाळेत साहेबांचा दुसरा बांगडा चालू असेल, ताक आलं असेल, हात धुवायला उठले असतील, असं सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि मी त्या एका दाण्यावरून नजर काढू शकत नव्हते. डावीकडचा दाणा जरासा सरकला. एका बाईनं हुंदका दिला. दाणा थांबला.

उजवीकडचा पडला.

गुरवांनी तो हातावर घेऊन वर धरला. "उजवो दिल्यान!"

मग जे झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. माणसं पाण्यात घुसली. म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, लुंग्या वर खोचलेले बापये. सगळ्यांच्या पुढे तात्या होते, अनवाणी. धोतर भिजून पायात अडकत होतं तरी ते थांबले नाहीत. आमची वाडीही निघाली. मी बाबांना शोधलं. ते पाषाणाजवळ उभे राहून पडलेल्या दाण्याच्या जागेकडे बघत होते.

"बाबा, चला."

"तू जा. मी हयच आसंय."

आम्ही पोचलो तेव्हा साहेब जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते आणि फोटोवाला खुर्च्यांचे फोटो काढून झाल्यावर कॅमेरा पिशवीत घालत होता. सगळं गाव ओल्या कपड्यांनी पटांगणात शिरलं. पोलीस काठ्या सावरायला लागले. साहेबांनी पाय खाली घेतला. ते परत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "एकेक जण बोला."

एकेक जण बोलले. दिवस कलेपर्यंत बोलले. ज्या बायका नवऱ्यासमोर मान वर करत नसत, त्या माइक हातातून सोडेनात. टायवाल्याचा टाय कधीच निघाला होता. तात्या शेवटी बोलले, आणि थोडंच बोलले. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, खरोखर घेतलं. वर्षभरानं खाणीची परवानगी अडली. अजून तरी सडा जागेवर आहे. सरकारं बदलतात, दर थोड्या वर्षांनी कोणीतरी तो पुन्हा मोजायला येतं, आम्ही पुन्हा उभे राहतो. ती गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी सगळे परत व्हाळापलीकडे आलो, कारण पळणीचा उरलेला वेळ पाळायचा होता. वरच्या अंगाला गडबड चालली होती, हसणं ऐकू येत होतं. पळणीत असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मलाही आनंद झाला होता, ते खोटं कशाला बोलू? मी खोपीत येऊन बाबांना सगळं सांगत होते, कोण काय बोललं ते नकला करून दाखवत होते. बाबा हूं हूं करत होते.

तेवढ्यात तात्या पुन्हा आले. या वेळी एकटेच. हातात देवाचा नारळ होता.

"भागो, तुज्या चेडवान गाव राखल्यान रे," ते म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "देवान बघ कसो झट उजवो दिल्यान. आमी उगाच भियालंव. तो काय आमचो वैरी आसा?"

बाबांनी नारळ घेतला नाही. बसल्या जागेवरून मान वर केली.

"तात्यानू, एक इचारतंय."

"इचार मां."

"ह्यो कौल तेवा कित्या लावूक नाय?"

"कधी?"

"यशूची आऊस तापान फणफणली होती तेवा. मी तुमच्या पायार डोक्या ठेवलंय. तुमी म्हणालास, पळण मोडत नाय. पाषाण हयच होतो. गुरव हयच होतो. तांदूळ होते. आत रवांदे काय एका बायलमाणसाक, इतक्याच तर इचारूचा होता. तुमी देवाक इचारूक कित्या नाय?"

मला वाटलं, तात्या आता रीत सांगतील, किंवा रागावतील. किंवा तेव्हाचे मानकरी कोण कोण होते ते सांगून आपली सुटका करून घेतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते आठवायला लागले. नारळ या हातातून त्या हातात केला.

"सुचाकच नाय, भागो," ते म्हणाले.

खरं बोलले. चेहऱ्यावरून कळत होतं, शंभर टक्के खरं. कोणी ठरवून नाही म्हटलं असतं, डावा कौल पडला असता, तर बारा वर्षं मी कोणाशी तरी भांडले असते. पण विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. माझी आई त्यानं गेली.

बाबांनी मान हलवली आणि चुलीत लाकूड सारलं. चहाचं आधण उकळत होतं. तात्या आणखी थोडा वेळ उभे राहिले, बसा म्हटलं असतं तर बसले असते. बाबांनी दोनच कप काढले, एक माझा आणि एक त्यांचा.